टाकीच्या भिंतीवरची अक्षरं

मला इंग्रजीची सहाच अक्षरं येतात. ए, बी, सी, डी, ई, एफ. सातव्याची गरज पडली नाही. माझी शाळा वैरागजवळच्या खेड्यात चौथीपर्यंत झाली आणि तिथं इंग्रजी नव्हतं. ही सहा मी म्हातारपणी शिकले. हौस म्हणून नाही, पाण्यासाठी.

सोलापुरात पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, आणि येतं तेव्हा बाकीची कामं तशीच पडून राहतात. आमची गल्ली चढाची आहे. नळाचं पाणी मागच्या घरांपर्यंत चढत नाही, म्हणून गल्लीच्या तोंडाशी, अगदी माझ्या दारासमोर, सगळ्यांनी मिळून उंच टाकी बांधली आहे. पाणी आलं की मोटार लावून आधी ती भरायची. टाकीतून प्रत्येक घराला एक पाइप जातो आणि त्या पाइपांचे कॉक टाकीशेजारच्या खड्ड्यात ओळीनं बसवलेले आहेत. लांब लोखंडी चावीनं एका घराचा कॉक उघडायचा, त्यांचं भरलं की बंद करायचा, मग पुढच्याचा. चावी ज्याच्या हातात, गल्ली त्याच्या हातात.

पूर्वी चावी साहेबांकडे होती. साहेब म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त हेडक्लार्क. माणूस वाईट नाही. पण त्यांची पाळी त्यांच्या घरापासून सुरू व्हायची, मग त्यांच्या ओळखीची घरं. ही घरं पिंपं, बादल्या, गाड्या धुवायचं पाणी, सगळं भरून घ्यायची. मागच्यांची वेळ येईपर्यंत टाकीच्या तळाचा गाळ उरायचा. मागे विड्या वळणाऱ्या बायका राहतात, तेलुगू घरं जास्त, काही मुसलमानांची. त्या ते पाणी फडक्यातून गाळून प्यायच्या आणि गप्प बसायच्या. एका पाण्याच्या दिवशी मी जाऊन खड्ड्याच्या झाकणावर बसले.

"काकू, उठा," साहेब म्हणाले.

"मागनं सुरू करा, उठते."

ते बरंच बोलले. कायदा बोलले, कमिटी बोलले, माझ्या वयाचा मान बोलले. मी बसून राहिले. शेवटी त्यांनी चावी माझ्या पायाशी टाकली आणि ते घरात गेले. तेव्हापासून चावी माझ्याकडे. एका पाण्याला पाळी मागून सुरू, पुढच्या पाण्याला पुढून. प्रत्येकाला घरात माणसं किती त्या मानानं पाणी. नियम एवढाच आहे, आणि तो कुणाला समजत नाही असं नाही.

मग माझे गुडघे गेले. कॉक उघडायला हात पुरतात, पण "भरलं का गं?" विचारत गल्लीच्या टोकापर्यंत चढायला पाय लागतात. तेव्हा माझी सून मधे पडली. ती अक्कलकोटकडची. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. तिनं पानाच्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर आणला, माझ्या देवळीत ठेवला आणि त्याला सर्व्हर म्हणायला लागली. आमच्या घराच्या वाय-फायवर गल्लीतल्या बायकांचे फोन त्याला जोडले. आपलं पाणी भरलं की बाईनं फोनवर स्वतःचा गुप्त शब्द घालायचा आणि 'भरलं' दाबायचं. माझ्या फोनवर घंटी वाजते, मी तिचा कॉक बंद करते, पुढचा उघडते. मला चालायला लागत नाही, ओरडायला लागत नाही. ओरडायचं बंद झालं याचं थोडं वाईट वाटलं, पण काम झकास चाललं.

त्याच सुमारास साहेबांचे जावई पुण्याहून आले. त्यांचं काम कॉम्प्युटरवरचं, घरी बसून करायचं, आणि ते घर म्हणजे सासऱ्यांचं. घरजावई म्हणायचं नाही, वर्क फ्रॉम होम म्हणायचं. एका घरचा जावई तो गल्लीचा जावई, त्यामुळे त्यांना सगळे जावईबापू म्हणतात आणि कुणी वाकडं बोलत नाही. मलाही बोलता येत नव्हतं. ही फार मोठी अडचण होती, कारण पुढे जे झालं ते त्यांच्यापासून झालं.

एका पाण्याच्या दिवशी बायका टाकीपाशी जमल्या होत्या. जावईबापू चहाचा कप घेऊन आले.

"काकू, तुमची सिस्टीम उघडी आहे," ते म्हणाले. "फोनातून डब्यापर्यंत जे जातं ते पोस्टकार्डासारखं जातं. मधल्यामधे कुणीही वाचावं."

"कोण वाचतंय?"

"मी वाचलं."

आणि त्यांनी खिशातून फोन काढून वाचून दाखवलं. अगदी मागच्या घरातल्या विडीवालीचा गुप्त शब्द तिच्या शेळीचं नाव होतं. रिक्षावाल्याच्या बायकोचा तिच्या माहेरच्या गावाचं. तिसरा कोपऱ्यावरच्या घरातल्या सुनेचा. तो होता 'सासूमेली'. सासू शेजारीच कळशी धरून उभी होती.

"मेली का?" ती म्हातारी म्हणाली. "आजून उभी हाय की हितं!"

सगळी गल्ली हसली. सून पदर तोंडाला लावून घरात पळाली. मी हसले नाही, कारण साहेबही हसत नव्हते. ते पुढे आले.

"हसण्यावारी नेऊ नका," ते म्हणाले. "ज्याला दुसऱ्याचा शब्द कळला, तो दुसऱ्याची पाळी संपवू शकतो. मागच्या घराचं भरलंच नाही आणि कुणी त्यांच्या नावानं 'भरलं' दाबलं, तर काकू काय करणार? कॉक बंद करणार. असल्या भरवशावर गल्लीचं पाणी चालत नाही. चावी परत माझ्याकडे द्या."

लोकांनी माना हलवल्या. मागच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्याकडे बघून मला कळलं की चावी गेली तर कुणाच्या माठात गाळ येणार.

"पुढच्या पाण्यापर्यंत थांबा," मी म्हणाले. "दुरुस्त केलं न्हाय तर न्या चावी."

घरात आल्यावर मी सुनेला विचारलं, "ते खरं बोलतंय का?"

"खरं हाय, अत्या. कुलूप घालायचं ऱ्हायलं माझ्याकडनं."

"मग घाल की."

"त्याला सर्टिफिकेट लागतं."

ती मला समजावत बसली. मी शेंगा फोडत होते, ते काम हाताचं आहे, कान मोकळे असतात. मला कळलं ते असं. सर्व्हरनं स्वतःची ओळख सांगणारा दाखला ठेवायचा, ते सर्टिफिकेट. त्याच्या जोडीला एक किल्ली असते, ती डब्यातच राहते, कुणाला द्यायची नाही. दोन्ही असली की फोन आणि डबा कुलूप लावून बोलतात, मधल्याला नुसता कचरा ऐकू येतो. एरवी या दाखल्यावर बाहेरच्या मोठ्या कंपन्या सही करतात. त्यांच्या सह्या फोनला आधीपासून माहीत असतात, म्हणून फोन काही बोलत नाही. पण त्यांची सही हवी तर आपला डबा इंटरनेटवर मांडायला लागतो.

"मांडायचा का?" तिनं विचारलं.

"कशाला? आपलं पानी गल्लीत, जगाला काय दाखवायचं?"

"मग आपणच सही करायची. आपलं सर्टिफिकेट, आपलीच सही. चालतं तसं. फक्त फोन कुरकुरतो."

"कुरकुरू दे."

असं आम्ही ते बनवायला बसलो. तिनं काळ्या पडद्यावर एक लांबलचक ओळ टाइप केली. त्याआधी म्हणाली, "अत्या, वाजले किती? लाइट गेली की हा डबा वेळ विसरतो, परत सांगाय लागती." तिचा फोन आत चार्जिंगला होता. मी भिंतीवरचं घड्याळ बघून सांगितलं. मग डबा एकेक प्रश्न विचारायला लागला.

"देश विचारतोय."

"सांग की भारत. त्याला म्हाईत न्हाय का?"

"राज्य. शहर. हे झालं. संस्थेचं नाव काय लिहू? आपली संस्था न्हाय."

"मागची घरं, असं लिही."

"पुढच्यांना राग येईल."

"येऊ दे."

तिनं तसं लिहिलं. "किती वर्षांचं करू?"

"मी मरेपर्यंतचं कर."

"धा वर्षं?"

"लई झाली. पाच कर. उरली तर नवं करू."

तिनं बटण दाबलं आणि झालं. भाकरी उलटायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मला वाटलं होतं काहीतरी छापून बाहेर येईल. काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, त्याच संध्याकाळी करायचं असं मीच ठरवलं. गरम गरम काम संपवलेलं बरं. बायकांना लगेच घरी बोलावलं. सून एकेकीच्या फोनात ते सर्टिफिकेट घालत होती, म्हणजे फोनला सांगत होती की ही सही आपल्या माणसाची आहे, कुरकुरू नको. घालून झालं आणि पहिलीनं पाण्याचं पान उघडलं. लाल. मोठं चिन्ह, खाली इंग्रजीत काहीतरी. दुसरीनं उघडलं. लाल. विडीवालीनं फोन मांडीवर उलटा टाकला.

"अय्यो, ब्यांकेतला मॅनेजर काय सांगितला? लाल आलं की हात लावायचं नाही म्हणून!"

"काकू, पैसे जाते क्या मेरे?" रिक्षावाल्याची बायको म्हणाली.

"तुझ्या फोनात पैसे हायत का?"

"नै."

"मग बस गप."

पण माझंही तोंड पडलं होतं. सुनेनं सर्टिफिकेट काढून परत घातलं. फोन बंद करून चालू केले. लाल ते लाल. तेवढ्यात जावईबापू दारात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण जावयाला दारातून परत कसं पाठवायचं? मी चहा टाकला.

"स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट दिलं की असंच होणार, काकू," ते बशीत चहा ओतत म्हणाले. "उद्या मीही लिहीन, मी सोलापूरचा महापौर."

बायका हसल्या. माझ्या घरात, माझा चहा पिऊन. सुनेचे डोळे भरायला आले होते. मी तिला म्हणाले, "रडायचं आसंल तर आत जा. न्हाय तर ते काय लिहिलंय ते वाच." तिनं नाक पुसलं आणि त्या लाल पानावरचं बारीक इंग्रजी वाचलं. वाचता वाचता तिची मान वर गेली, भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग हातातल्या फोनाकडे. मग ती कन्नडमधून काहीतरी बोलली. ती चिडली की कन्नड बोलते. मला ते येत नाही, आणि त्या वेळी आलं नाही ते बरंच झालं.

झालं होतं असं. आमच्या घरातलं घड्याळ पाऊण तास पुढे असतं. मीच ठेवते. पाण्याच्या दिवशी बायका वेळेवर याव्यात म्हणून मी वर्षानुवर्षं ते पुढे ठेवलं आहे आणि घरातले सगळे त्याच्यावरच चालतात, इतके की पुढे आहे हे कुणाच्या ध्यानातही राहत नाही. डब्याला मी तीच वेळ सांगितली. त्यामुळे सर्टिफिकेट ज्या वेळी सुरू व्हायचं होतं, ती वेळ खऱ्या घड्याळात अजून आलीच नव्हती. फोन म्हणत होते, हे अजून सुरू झालेलं नाही. आणि ते बरोबर बोलत होते.

"मग आता?" मी विचारलं.

"काय करायचं न्हाय. बसायचं."

आम्ही बसलो. मी आणखी चहा टाकला. फोडलेल्या शेंगा होत्या, त्या मधे ठेवल्या. कोपऱ्यावरची सासू-सून शेजारी शेजारी बसून शेंगा खात होत्या, म्हणजे तेवढं मिटलं होतं. थोड्या वेळानं विडीवालीनं सहज फोन सुलटा केला आणि बोट लावलं. पान उघडलं. लाल नाही, काही नाही. वर छोटंसं कुलूप. मग एकामागून एक सगळ्यांचे फोन उघडले. बायकांनी टाळ्या पिटल्या. सून म्हणाली, "अत्या, आता तरी ते घड्याळ बरोबर लावा." मी लावलं नाही. घड्याळ पुढे आहे म्हणूनच बायका वेळेत येतात. तिनं डब्याला स्वतःच्या फोनवरची वेळ सांगितली आणि विषय संपवला.

जावईबापू मात्र उठले नाहीत. ते आता हसत नव्हते, विचार करत होते.

"काकू, खरं सांगतो, राग मानू नका. या बायका आज काय शिकल्या? लाल पान येतं, थोडं थांबलं की जातं. पुढच्या पाण्याला मी असंच एक सर्टिफिकेट बनवतो. नाव तेच, शहर तेच, 'मागची घरं' सुद्धा तेच. तुमच्या वाय-फायचं नाव माझ्या वाय-फायला देतो. यांचे फोन माझ्याकडे येतील, लाल पान दिसेल, आणि या म्हणतील, असू दे, आपलंच आहे. पुढे जातील आणि गुप्त शब्द माझ्या हातात."

मला राग आला, कारण माणूस बरोबर बोलत होता. पण चूक काढणारा माणूस आणि तोंड फिरवणारा माणूस यांतला पहिला कधीही बरा.

"बनवा," मी म्हणाले. "पुढच्या पाण्याला लावा."

साहेबांना हे कळलं तेव्हा ते लगेच अटी घालायला आले. एका जरी बाईनं खोट्या पानावर आपला शब्द दिला तर चावी त्यांच्याकडे. सुनेनं घराबाहेर यायचं नाही. आणि मी त्या वेळी तोंड उघडायचं नाही. शेवटची अट माझ्यासाठी सगळ्यात अवघड होती हे त्यांना माहीत होतं. मी हो म्हणाले.

मी सुनेला विचारलं, "खरं कुठलं नि खोटं कुठलं, हे ओळखायचं कसं? नाव तर दोघांचं एकच."

"प्रत्येक सर्टिफिकेटचा ठसा असतो. तो दोघांचा एक नसतो कधी." तिनं पडद्यावर दाखवलं. आकडे आणि इंग्रजी अक्षरं, दोन दोन मिळून, ओळीवर ओळी. "लाल पानावरसुद्धा बोट दाबत आत गेलं की दिसतो हा. पण बायकांनी जुळवायचा कशाशी?"

मी देवळीतून हिरव्या ऑइल पेंटचा डबा काढला. दार रंगवून उरला होता.

सही मोठ्याची असली की कागद कुणी वाचत नाही. मला एकदा चालचलनाचा दाखला लागला होता. ज्यानं तो दिला त्यानं माझ्याकडे मान वर करून बघितलंही नव्हतं, आणि तो सगळीकडे चालला. आपली सही असली की मात्र समोरच्याला आपल्याला ओळखावं लागतं. मग ओळख अशी ठेवायची की येता-जाता दिसेल. टाकीची भिंत गल्लीतल्या प्रत्येकाला दिसते.

सून स्टुलाशेजारी उभी राहून वाचायची, मी लिहायचे. फोनवर ओळी दिसतात तशाच भिंतीवर. आकडे मला येतात. अक्षरांचं म्हणाल तर ठशात ए ते एफ एवढीच येतात, बाकीची नसतात, हे ऐकून मला बरं वाटलं. ती मी तिथंच स्टुलावर उभी राहून शिकले. बी आणि आठ सारखे दिसतात, म्हणून बीची पाठ सरळ काठीसारखी ओढायची. डी आणि शून्याचं तेच. एकदा चुकलं, ते रॉकेलनं पुसलं. येणारे-जाणारे थांबत होते. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "काकू, कुणी भानामती केली का टाकीवर?" मी म्हणाले, "व्हय, पुढं गेलास तर तुझी रिक्षा बंद पडंल." तो खरंच दुसऱ्या गल्लीतून गेला.

मग शिकवणी. रोज दुपारी बायका टाकीपाशी यायच्या. एकीनं फोनवरचा ठसा वाचायचा, दुसरीनं भिंतीवरचा. विडीवाली मांडीवरचं सूप घेऊनच यायची, हात विड्या वळत आणि तोंडानं एफ दोन, सात ए. मुलांना वाटलं आयांनी शाळेत नाव घातलं. मी एकच गोष्ट सांगत होते. लाल आलं की भिंतीपाशी या. घाई झाली तरी या, दूध ऊतू गेलं तरी या.

पाण्याचा दिवस आला. टाकी भरली. त्या वेळची पाळी मागून होती, म्हणजे विडीवाली पहिली, रिक्षावाल्याची बायको दुसरी. सून घरात, दार लावून. मी माझ्या दारात बाकावर, चावी मांडीवर, तोंड बंद. साहेब टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. जावईबापू त्यांच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन. मी पहिला कॉक उघडला आणि परत येऊन बसले.

विडीवालीचं भरलं. ती फोन घेऊन खाली टाकीपाशी आली, मागोमाग रिक्षावाल्याची बायको. दोघींनी पान उघडलं. दोघींचं लाल.

"आ गया," रिक्षावाल्याची बायको म्हणाली. तिचं बोट तसंच वर होतं. घरी तिचं पिंप रिकामं होतं आणि विडीवालीनं 'भरलं' दाबल्याशिवाय तिची पाळी सुरू होणार नव्हती. "जल्दी करो ना. पुढे जा दिसतंय खाली. दाबून टाका."

मी चावी घट्ट धरली. ओठांपर्यंत शब्द आले होते, चांगले नव्हते.

विडीवालीनं ते दाबलं नाही. आत आत जात तिनं ठसा काढला आणि भिंतीपाशी उभी राहिली.

"वाच गं तू भिंतीवरचं."

"बी सात."

"हाय. बी सात."

"चार ई."

"चार ई. हाय!"

साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. मला काहीच कळेना. दोन्ही जुळली म्हणजे हे आपलंच, मग लाल का?

"हौ, मिल गया!" रिक्षावाल्याची बायको म्हणाली. "आपलंच आहे. दाब आता, मेरा पिंप खाली पडा है."

"थांब की," विडीवाली म्हणाली. "मधली बघू."

"मधली क्यूं? वरची मिली ना?"

"कट्ट्यात वरच्या विड्या सगळ्यांच्याच चांगल्या असत्यात. कारखान्यातला चेकर काय करतो? कट्टा फोडतो, मधली काढतो. खराब माल मधीच असतोय. मी बी घालत होते की आधी." असं म्हणून ती हसली आणि भिंतीवर बोट ठेवलं. "ही तिसरी ओळ. काय लिहिलाय हितं?"

"नऊ डी."

विडीवालीनं फोन डोळ्यांजवळ धरला. परत भिंतीकडे बघितलं.

"माझ्याकडं शून्य सी. पुढचं सांग."

"एफ एक."

"माझ्याकडं आठ आठ." तिनं फोन एकदम खाली घेतला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "हे आपलं नाही! कुणी दाबू नका गं! हे जावईबापूचं हाय!"

वरच्या घरांमधून बायका धावत आल्या. ज्या दोघी-तिघींच्या फोनवर लाल आलं होतं त्यांनी फोन असे लांब धरले होते, जसा मेलेला उंदीर धरावा. एकीनंही शब्द दिला नव्हता. कोपऱ्यावरची म्हातारी साहेबांसमोर जाऊन म्हणाली, "माझ्या सुनेचा शब्द आता दुसरा हाय. इचारून बघा, सांगती का तुमाला."

जावईबापू ओट्यावरून उतरले. ते टाळ्या वाजवत होते, खऱ्या.

"काकू, पहिल्या दोन जोड्या जुळाव्यात म्हणून माझा लॅपटॉप अख्खी सकाळ नुसती सर्टिफिकेटं पाडत होता. पहिलं एक-दोन बघून लोक थांबतात. सगळीकडे थांबतात. मोठमोठ्या ऑफिसात थांबतात." मग ते विडीवालीकडे वळून म्हणाले, "ताई, मधली का बघितली तुम्ही?"

"सांगितलं की आता," ती म्हणाली. "बंद करा तुमचं ते. माझं 'भरलं' दाबायचं ऱ्हायलंय."

त्यांनी लॅपटॉप मिटला. फोन परत आमच्या डब्याकडे आले, कुलूप दिसलं, लाल गेलं. विडीवालीनं शेळीचं नव्हे, कुठलं तरी नवं नाव घातलं आणि दाबलं. माझ्या फोनची घंटी वाजली.

मी साहेबांकडे बघितलं. "झालं? बोलू आता?"

"बोला," ते म्हणाले.

पण आधी पाणी. मी उठले, विडीवालीचा कॉक बंद केला आणि रिक्षावाल्याच्या बायकोचा उघडला. वरून "आलं पाणी!" अशी हाक आली आणि मागच्या बायकांनी असा गलका केला की पलीकडच्या गल्लीतली माणसं कुणाचं लग्न आहे म्हणून बघायला आली. सुनेनं दार उघडलं. बायकांनी तिला ओढत भिंतीपाशी नेलं आणि कुणीतरी तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. उरलेलं त्या अक्षरांना लावणार होत्या, ते मी लावू दिलं नाही. आठाचा बी झाला असता.

पाळी पुढे सरकत गेली. कुणी गाडी धुतली नाही, कुणी अंगणात पाणी मारलं नाही. शेवटचं घर साहेबांचं. आजवर त्यांनी फोनात सर्टिफिकेट घालून घेतलं नव्हतं, कारण ते आमच्या डब्याला मानत नव्हते. त्यांच्या घरचं मी बघूनच बंद करायचे. आता ते खुर्चीवरून उठले आणि फोन पुढे केला.

"माझ्याही फोनात घाला," ते म्हणाले.

सुनेनं घातलं.

"आता जुळवा," मी म्हणाले.

ते चष्मा पुसून भिंतीपाशी उभे राहिले. पहिली ओळ मोठ्यानं वाचली, थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी चावी कॉकला लावली नव्हती.

"मधली बी वाचा की, साहेब!" वरून विडीवाली ओरडली.

त्यांनी मधली वाचली. मग सगळी वाचली, एकही जोडी न सोडता, सरकारी आवाजात. सगळी जुळली. मग मी त्यांचा कॉक उघडला. टाकीत अजून बरंच पाणी होतं, आणि त्यांच्या नळाला आलं ते स्वच्छ आलं.